घरालाही थोडी मुदत द्या

पुण्यात हिंजवडी किंवा खराडीच्या आयटी कंपनीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, राजीनामा दिल्यावर किती दिवस थांबावं लागतं? पुष्कळ ठिकाणी 90 दिवस, असं उत्तर येईल. त्या दिवसांत आपलं काम दुसऱ्याच्या हाती नीट सोपवायचं असतं. त्याला सगळे केटी म्हणतात. कुठली फाइल कुठे आहे, कुठला प्रोग्राम रात्री अडतो, कुठल्या क्लायंटला काय आवडत नाही, सगळं समजावून सांगायचं. माणसं हे मनापासून करतात. घरी मात्र बहुतेक वेळा ऑफर लेटर हातात पडल्यावर पेढेच येतात. बातमी आनंदाची असते, पण सगळं ठरून गेलेलं असतं. ऑफिसला तीन महिने आधी कळतं, तसं घरालाही थोडं आधी कळायला हवं.

कारण नोकरी बदलली की घरातलं बरंच काही जागचं हलतं. साधी जेवणाची वेळ घ्या. न्यूयॉर्कच्या क्लायंटची सकाळी दहाची मीटिंग म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेआठ. मार्चमध्ये तिकडची घड्याळं तासभर पुढे गेली की तीच मीटिंग आपल्याकडे साडेसातला येते. पोरांच्या वरणभाताच्या ऐन वेळेला. क्लायंट जर्मनीचा असेल तर सकाळी दहाची मीटिंग इकडे दुपारीच उरकते आणि संध्याकाळ घराची राहते. पगाराच्या आकड्यात हा फरक कुठेच दिसत नाही. तसाच मेडिक्लेम. जुन्या कंपनीच्या पॉलिसीत आई-बाबा असतात, नव्या कंपनीत ते असतीलच असं नाही. आणि बंगळुरूला जायचं ठरलं तर शाळेचं वर्ष अर्ध्यावर आलेलं असतं. इंटरव्ह्यूच्या धावपळीत हे आपल्याला सुचत नाही. घरच्यांना मात्र लगेच सुचतं. आजीला सांगून तर पाहा. पगाराआधी ती विचारेल, रोज घरी किती वाजता येशील?

असं आधी घरी बोलून ठरवल्याची 1981 सालची एक गोष्ट अनेकांना ठाऊक आहे. नारायण मूर्तींनी चांगली नोकरी सोडून सहा सहकाऱ्यांबरोबर इन्फोसिस सुरू केली, तेव्हा त्यांच्या पत्नी सुधाताईंनी साठवलेले 10,000 रुपये त्यांच्या हाती दिले. त्यांची मुलगी अक्षता तेव्हा जेमतेम वर्षाची होती. आपल्या लक्षात राहतात ते दहा हजार. मला मोलाचं वाटतं ते त्या पैशांबरोबर झालेलं बोलणं. सुधाताईंनी ते अनेकदा सांगितलं आहे: तीन वर्षं देते, तोवर घरखर्च मी बघते. मुदत ठरली, घरखर्चाची जबाबदारी कुणाची तेही ठरलं. एवढं धाडसाचं पाऊल पडलं, पण ते दोघांनी बोलून पडलं.

आपल्या घरी एवढं मोठं काही घडत नसेल. तरीही "अजून काही ठरलं नाही, पण मनात घोळतंय" एवढं एक वाक्य जेवताना बोलता येतं. आपण ते टाळतो, कारण घरच्यांना उगाच घोर नको असं वाटतं. त्यामागे मायाच असते. पण फोन आला की आपण गॅलरीत जाऊन दार ओढून घेतो, ते मुलांनाही दिसतं. न सांगितलेल्या गोष्टीचा घोर जास्त लागतो. म्हणून विचार कच्चा असतानाच तो ताटाशी येऊ द्यावा. रोज थोडं बोलायची सवय असली की त्यासाठी वेगळी बैठक बसवावी लागत नाही. आजच्या दिवसात कामाचं काय आवडलं, कशाचा कंटाळा आला, एवढ्यापासून सुरुवात होते. आणि आपण बोललो की समोरचंही माणूस बोलतं. बाळासाठी टेस्टिंगची नोकरी सोडलेली बायको कधी सहज म्हणते, "मलाही आता पुन्हा सुरुवात करावीशी वाटते." हे आपली ऑफर स्वीकारण्याआधी कळलं, तर दोन्ही नोकऱ्यांचा विचार एकदम करता येतो. यंदा कुणी बदल करायचा, कुणी वर्षभर आहे तिथे राहायचं, पाळणाघराची वेळ कुणाच्या ऑफिसला जुळते, आई-बाबांना थोडे दिवस पुण्याला बोलावायचं का. एवढं बोलायला ऑफिसइतके 90 दिवस लागत नाहीत. आठवड्याभराची जेवणंसुद्धा पुरतात.