मनोव्यथा आणि दक्षिणा

टावर चौकातील एखाद्या दवाखान्यात ताप उतरविण्यासाठी डॉक्टरांस शुल्क देताना आपणांस काही वावगे वाटत नाही. परंतु महिनोन्‌महिने झोप हरपलेल्या, जगण्यातील रस आटलेल्या माणसाने समुपदेशकास पैसे मोजले, तर घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, ‘‘नुसत्या बोलण्याचे पैसे कसले? देवापाशी बोल, आमच्याशी बोल!’’ सहानुभूती विकत घ्यावी काय, हा या आक्षेपामागील खरा प्रश्न होय.

हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. मी पुरोहिताच्या घरी वाढलो. पूजा आटोपल्यावर यजमान आपल्या मनातील सल वडिलांस सांगत. त्या ऐकण्याची दक्षिणा कोणी दिली नाही आणि कोणी मागितलीही नाही. तथापि आप्ताचे ऐकणे निराळे व उपचार निराळा. आप्त धीर देतो. उपचारक अभ्यासाने व्याधी ओळखतो, नेमलेला वेळ देतो, गुपित राखतो. शुल्क आहे ते त्या विद्येचे व वेळेचे, करुणेचे नव्हे. शिवाय शुल्क दिल्याने रुग्ण कोणाच्या उपकाराखाली राहत नाही.

परंतु ज्याच्यापाशी द्रव्य नाही, त्याने काय करावे? मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी १९१३ साली शुल्क घेण्याचे समर्थन केले. परंतु १९१८ साली बुडापेस्ट येथे त्यांनीच गरिबांसाठी विनामूल्य उपचारांची आवश्यकता प्रतिपादिली. १९२० साली बर्लिनमध्ये तसा दवाखाना उघडलाही. आपल्या देशात २०१७ च्या कायद्याने शारीरिक आजारांप्रमाणेच मनोविकारांनाही विमासंरक्षण देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक केले. तरीही रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या समुपदेशनाचा खर्च पुष्कळ विमापत्रांत बसत नाही. तो भार कुटुंबावरच पडतो. २०२२ साली सुरू झालेली ‘टेलिमानस’ ही सरकारी दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. पहिला आधार म्हणून तिचे मोल मोठे आहे. परंतु दीर्घ उपचारांस पैसा लागतोच.

म्हणून दोन कर्तव्ये उरतात. घरातील कोणी असा उपचार घेत असेल, तर तो खर्च औषधाच्या खर्चाप्रमाणेच निःसंकोच मांडावा. त्याला चैन म्हणू नये. आणि ज्यांना परमेश्वराने दिले आहे, त्यांनी एखाद्या गरजू आप्ताचे शुल्क गुपचूप भरावे. अन्नदानाचे पुण्य आपण जाणतो. ज्याच्या गळ्याखाली दुःखामुळे घासच उतरत नाही, त्याला पुन्हा भूक लागावी यासाठी केलेले गुप्तदान त्याहून उणे कसे म्हणावे?