प्रमेय आणि प्रामाणिकपणा

भूमितीच्या अभ्यासाचा नीतीशी काही संबंध आहे असे कोणी म्हटले, तर सुज्ञ वाचकांस ते प्रथमदर्शनी विलक्षणच वाटेल. त्रिकोणाचे तीन कोन मिळून दोन काटकोन होतात, ही गोष्ट साधूस जितकी खरी तितकीच चोरासही खरी. मग तीत सदाचाराचा प्रश्न कोठून यावयाचा? आमचीही समजूत परवापरवापर्यंत अशीच होती. परंतु घरात घडलेल्या एका लहानशा प्रसंगाने ती डळमळीत झाली, आणि तेव्हापासून मनात घोळत असलेला विचार वाचकांपुढे मांडावा, एवढ्याकरिताच हा लेखनप्रपंच.

आमची भाची यंदा दहावीच्या परीक्षेस बसावयाची आहे. वर्तुळाच्या प्रकरणाची तिची उजळणी चालली होती. वही आमच्या हाती देऊन तिने अंतर्लिखित कोनाचे प्रमेय धडाधड म्हणून दाखविले. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, सारे जेथल्या तेथे. एक अक्षर इकडचे तिकडे नाही. आम्हांस कौतुक वाटले. मग सहज गंमत म्हणून आम्ही तीच आकृती कागदावर किंचित फिरवून काढली, अ, ब, क यांच्या जागी प, र, स ही अक्षरे घातली आणि म्हटले, "आता सांग पाहू." ती गप्प झाली. बराच वेळ आकृतीकडे पाहून शेवटी रडवेल्या स्वरात म्हणाली, "मामा, पुस्तकात अशी आकृती नाही. परीक्षेत पुस्तकातलीच येते. मग उगाच कशाला घोळ घालता?"

तिला चार शब्द सुनवावे असे क्षणभर मनात आले. पण आमची जीभ रेटेना. कारण आम्ही शाळेत असताना ह्याच प्रमेयाची सिद्धता अशीच घोकून उतरविली होती. तीत तीन प्रकार होते: केंद्र कोनाच्या एका भुजेवर, केंद्र कोनाच्या आत, आणि केंद्र कोनाच्या बाहेर. तिसऱ्या प्रकारापाशी आलो तेव्हा "याचप्रमाणे" एवढा एक शब्द लिहून आम्ही मोकळे झालो. याचप्रमाणे म्हणजे कसे, हे आम्हांस मुळीच ठाऊक नव्हते. शिक्षकांनी पूर्ण गुण दिले, वडिलांनी ती उत्तरपत्रिका आल्यागेल्यास कौतुकाने दाखविली, आणि आम्ही मान खाली घालून उभे राहिलो. लोकांस तो विनय वाटला.

यात आमच्या हातून काही अपराध घडला काय? कोणाच्या उत्तरपत्रिकेत आम्ही डोकावलो नव्हतो. लिहिले ते अक्षरशः खरे होते. खरे तेच लिहिले असता असत्याचा दोष कसा लागावा, हाच प्रस्तुत प्रश्न होय.

त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी त्या सिद्धतेचे स्वरूप पाहू. वर्तुळाच्या केंद्रापासून परिघावरील प्रत्येक बिंदू सारख्याच अंतरावर असतो, एवढ्या एका गोष्टीवर ती सबंध उभी आहे. केंद्र कोनाच्या आत आहे असे समजा. कोनाच्या शिरोबिंदूपासून केंद्रापर्यंत रेषा ओढून ती पुढे वाढवावी. तिच्या दोहों बाजूंस एकेक त्रिकोण होतो. प्रत्येकाच्या दोन बाजू त्रिज्याच आहेत, म्हणून तो समद्विभुज. म्हणून त्याचे पायाजवळचे कोन समान. म्हणून केंद्रापाशी होणारा त्याचा बाह्यकोन त्यांतील एका कोनाच्या दुप्पट. आणि दोन्ही बाजूंची बेरीज केली असता केंद्रापाशी होणारा सबंध कोन परिघावरील कोनाच्या दुप्पट ठरतो. युक्लिडाने इ. स. पूर्व 300 च्या सुमारास रचलेल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात वर्तुळविषयक 37 सिद्धान्त आहेत. त्यांत हा विसावा. तो एकदा पटला की पुढील कित्येक त्याच्यामागून सहज चालत येतात. अर्धवर्तुळातील कोन काटकोन का? कारण तेथे केंद्रापाशी 180 अंश असतात आणि त्यांचे निम्मे 90. चक्रीय चौकोनाचे संमुख कोन मिळून 180 अंश का? कारण त्या दोन कोनांसमोरचे कंस मिळून सबंध वर्तुळ होते आणि 360 चे निम्मे 180.

या साखळीतील प्रत्येक कडी "म्हणून" या शब्दाने जोडलेली आहे. मुले त्याच्याऐवजी तीन टिंबे देतात. आमच्या मते सर्व प्रश्नाचे मर्म या तीन टिंबांत आहे. "म्हणून" असे लिहिणारा केवळ पुढची ओळ खरी आहे असे सांगत नाही. मागची ओळ पाहिल्यावर पुढची मला दिसली, अशी तो साक्ष देतो. न्यायसभेत ज्याने घटना पाहिली नाही, पण दुसऱ्याकडून तिचे बिनचूक वर्णन पाठ करून घेतले, त्याचे सांगणे खरे असले तरी तो साक्षीदार खोटाच. आमची सिद्धता खरी होती. खोटी होती ती साक्ष.

येथे कोणी म्हणेल, हा न्याय मुलांस फार कठोर आहे. पाठांतराची आपल्याकडे थोर परंपरा आहे. आणि विश्वासावाचून कोणाचे चालते? पंचांगातील ग्रहण आपण गणित न करताच मानतो, वैद्याचे औषध गुण तपासल्याविना घेतो. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु वेदपाठक मी अर्थ सिद्ध केला असे म्हणत नाही. मी जसे ऐकले तसे राखले, एवढेच त्याचे म्हणणे, आणि ते तो पुरे करून दाखवितो. विश्वासाने मानलेले विश्वासाने मानले असे सांगण्यात कमीपणा नाही. उसने आणलेला दागिना उसना म्हणून अंगावर घालावा. तो घरचा म्हणून मिरविला की दोष लागतो.

आणि हा दोष लिहिणाऱ्यापाशीच थांबत नाही. ब्रह्मगुप्ताने 628 साली रचलेल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात केवळ चार बाजूंवरून चौकोनाचे क्षेत्रफळ काढण्याची एक सुंदर रीत आहे. ती बरोबर उतरते ती वर्तुळात बसणाऱ्या चौकोनास. परंतु ही अट सूत्रात शब्दाने सांगितलेली नाही. पुढे सूत्र पाठ राहिले, अट सुटली, आणि ती रीत वाटेल त्या चौकोनास लागू लागली. पाच-पाच अंगुळे लांबीच्या चार काड्यांचा चौरस करा; रीत 25 सांगते, ते खरे. तोच चौरस दाबून कर्ण 6 आणि 8 होतील असा तिरपा करा. बाजू त्याच, म्हणून रीत पुन्हा 25 च सांगते, पण क्षेत्रफळ 24 झालेले असते. भास्कराचार्यांनी लीलावतीत (1150) या रीतीचे फळ स्थूल ठरविले, आणि लंब किंवा कर्ण न सांगता क्षेत्रफळ विचारणाऱ्यास पिशाच म्हटले. उत्तर देणाऱ्यास तर त्याहूनही मोठे पिशाच! मात्र ती रीत कोठे अचूक ठरते हे लीलावतीतही आले नाही. तिची वर्तुळातील चौकोनापुरती रीतसर उपपत्ती सोळाव्या शतकात केरळातील ज्येष्ठदेवाच्या युक्तिभाषा या मल्याळम ग्रंथात सापडते. निष्कर्ष तेवढा हातोहात पुढे गेला आणि कारण मागे राहिले, म्हणजे खऱ्या गोष्टीचेही असे होते.

प्रमाण, प्रमेय आणि प्रामाणिक हे तिन्ही शब्द एकाच धातूपासून निघाले आहेत, हा आम्हांस निव्वळ योगायोग वाटत नाही. उजळणी या शब्दाचाही अर्थ पाहण्यासारखा आहे. तांब्याचे भांडे आपण उजळतो ते त्यात पुन्हा तोंड दिसावे म्हणून. दहा वेळा तेच पान वाचणे म्हणजे भांड्यावर नुसता हात फिरविणे. पुस्तक मिटून आकृती निराळ्या अंगाने काढावी, अक्षरे बदलावी, एखादी अट काढून टाकली तर कोणती पायरी कोसळते ते पाहावे. आणि जेथे आपणांस दिसत नाही तेथे "हे मला अजून कळले नाही" असे वहीच्या समासात स्वच्छ लिहावे. परीक्षकास ते दाखविण्याची गरज नाही. स्वतःपासून लपविले नाही म्हणजे झाले. आणि असे लिहिणाऱ्या मुलास आपण वडीलधाऱ्यांनी रागे भरू नये, हा बोध मुलांपेक्षा आम्हांसच अधिक लागू आहे. उत्तरपत्रिका आल्यागेल्यास दाखविणारे हात मोठ्यांचेच असतात.

त्या प्रसंगानंतर चार दिवसांनी भाची सकाळीच एक कागद घेऊन आली. कोन वर्तुळाच्या एका कडेस सरकविला होता आणि केंद्र त्याच्या बाहेर पडले होते. "मामा, हे पाहा. इथे दोन्हींची बेरीज करून चालत नाही. मोठ्यातून लहान वजा करावा लागतो, मग तेवढेच उत्तर येते. पुस्तकात नुसते 'याचप्रमाणे' आहे. तुम्हांला हे माहीत होते ना?"

"होय" म्हणणे फार सोपे होते; मामाच्या मानास शोभलेही असते. आम्ही चष्मा लावून कागद दोनदा तपासला आणि म्हणालो, "नाही, बाळ. आम्हांस हे आजच कळले."