नाचणारं तप

कार्तिकी एकादशी म्हटली की मराठी मन आधी पंढरीला जातं. बुऱ्हाणपूर ज्या निमाडात आहे, तिथे मात्र याच दिवशी काठीचा नाच सुरू होतो. काठी म्हणजे सजवलेला बांबू, साक्षात पार्वती. हा नाच करणारे भगत गळ्यापासून पायांपर्यंत लाल, घेरदार बाना घालतात, कमरेला ढांक हे वाद्य बांधतात आणि तिच्या ठेक्यावर नाचू लागतात. विसावा थेट महाशिवरात्रीला, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळाने. उरूस-जत्रेतला नाच एका रात्रीत आटोपतो. हा अख्खा हिवाळा चालतो.

त्याच्या मुळाशी कथा आहे ती तपाची. शंकर मिळावा म्हणून पर्वताच्या लेकीने घर सोडलं, डोंगर गाठला, झाडाची पानंसुद्धा खायची सोडली आणि अपर्णा झाली. तिचं ते तप भगत अंगावर घेतात. हे भगत संन्यासी नव्हेत. घर, शेत, मजुरी, लेकरं सांभाळणारी माणसं. मला यातलं हेच सर्वांत मोठं वाटतं. डोंगरावर एकट्याने केलेली साधना प्रपंचातल्या माणसांनी उचलली आणि लोकांमध्ये आणली.

जपानमध्येही असं घडलं आहे. इवाते प्रांतातल्या १,९१७ मीटर उंचीच्या हायाचिने पर्वतावर यामाबुशी नावाचे तपस्वी खडतर साधना करत. त्या परंपरेतून तिथलं मुखवट्यांचं कागुरा नृत्य आलं. १८७२ मध्ये सरकारने त्यांच्या शुगेन्दो पंथावर बंदी घातली. पंथ मोडला, पण नृत्य टिकलं, कारण पायथ्याच्या गावांनी ते आपलं मानलं होतं. २००९ मध्ये युनेस्कोने त्याला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

यादीतलं नाव मोलाचं आहेच, पण त्याआधी पायथ्याची गावं होती. काठीलाही गावच जगवेल. महोत्सवाच्या मंचावर दहा मिनिटं नाचवून तिचं भागणार नाही. तिला अंगण लागतं, वाट पाहणारं दार लागतं.

म्हणून निमाडातल्या आणि खानदेशातल्या माझ्या माणसांना एवढंच सांगणं आहे : या हिवाळ्यात ढांक ऐकू आली, तर बाहेर या. मुलांना सोबत आणा, मोबाइल खिशात ठेवा आणि नाच संपेपर्यंत थांबा. मग भगतांना बसवून घ्या, चहापाणी द्या आणि मुलांना पार्वतीची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकू द्या.