उंचीचा मोह

पुण्याकडून सोलापूरला येणाऱ्या भाविकांना वाटेत उजनीचा विस्तीर्ण जलाशय दिसतो. हिवाळ्यात तेथे पट्टकदंब हे हंसकुळातील पक्षी उतरतात. डोक्यावरील दोन काळ्या पट्ट्यांवरून ते सहज ओळखू येतात. तिबेट, मंगोलियाकडील सरोवरांकाठी त्यांचा जन्म होतो आणि हिमालय ओलांडून ते दक्षिणेस येतात.

एकदा उंच चढून ते पर्वतरांगा सरळ रेषेत पार करीत असावेत, असा आपला समज असतो. पक्ष्यांच्या शरीरात सूक्ष्म यंत्रे बसवून केलेले संशोधन २०१५ साली प्रसिद्ध झाले, त्यात निराळेच आढळले. डोंगर आला की ते चढतात. दरी आली की मिळविलेली उंची खुशाल सोडून उतरतात आणि पुढे पुन्हा चढतात. विरळ हवेत पंख मारण्याचे कष्ट इतके वाढतात की, उंचीवर टिकून राहण्यापेक्षा हे उतरणे-चढणेच कमी श्रमाचे ठरते.

मग कष्टाने मिळविलेले सोडणे ही हानी की शहाणपण? मुलगा कर्ता झाला तरी किल्ल्या आपल्याच कमरेला असतात. मुदत संपली तरी पद सोडवत नाही. (विश्वस्त मंडळेही याला अपवाद नसतात, हे नम्रपणे नमूद करतो.) सारे बळ त्या जागी टिकण्यातच खर्ची पडते आणि ज्या कार्यासाठी पद स्वीकारले, ते मागे राहते. कोणी म्हणेल, पक्ष्याला कोठे मानापमान असतो? आक्षेप रास्त आहे. आपल्याला उतरणे जड जाते ते त्यामुळेच.

हिवाळ्यात येणाऱ्या भाविकांनी परतीच्या वाटेवर हे थवे अवश्य पाहावेत. उन्हाळा तापण्यापूर्वी ते उत्तरेकडे निघतात.