यंत्राला जात नसते काय?

गेल्या वर्षावासात बीड शहरातील एका विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. वाचन संपल्यावर एक तरुण उपासक उभा राहिला. व्यापारी इमारतींच्या दारांना इलेक्ट्रॉनिक कुलपे बसविणे हा त्याचा धंदा. तो म्हणाला, "गुरुजी, मी बसवलेल्या दाराला माणसाची जात कळत नाही. कार्ड बरोबर असले की ते उघडते, मग ते पाटलाचे असो की आपले. ज्यासाठी धम्म अडीच हजार वर्षे खपला, ते काम हे यंत्र काही हजार रुपयांत करते. मग मोठे कोण, यंत्र की धम्म?"

लोक हसले. परंतु हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांच्या वाडवडिलांचे आयुष्य बंद दारांपुढे गेले, त्यांच्या मुलाने दाराविषयी प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर नीट विचार करूनच दिले पाहिजे.

पूर्वीची दारे काय विचारीत?

१९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्यास नोकरीसाठी गेले. त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते गेले. धर्मशाळा फक्त पारशांसाठी होती आणि तिथल्या माणसाला मुक्कामास आलेल्यांची नोंदवही ठेवावी लागत असे. वहीत पारशी नाव लिहिले तेव्हाच बाबासाहेबांना आत जागा मिळाली. अकराव्या दिवशी हाती काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढण्यात आले. जगातल्या मोठ्या विद्यापीठात शिकलेला मनुष्य आत होता तो खोट्या नावाच्या आधारावर. त्याची विद्या त्या वहीत कुठेच लिहिलेली नव्हती.

२ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा मंदिराची दारेच बंद करण्यात आली. आणि १९३४ साली आपल्या मराठवाड्यात काय घडले? तेव्हा बीडप्रमाणेच औरंगाबाद जिल्हाही निजामाच्या राज्यात होता. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी दौलताबादचा किल्ला पाहावयास गेले. प्रवासाच्या धुळीने माखलेले हातपाय त्यांनी दाराजवळच्या हौदावर धुतले. एवढ्यावरून पाणी बाटले असा गिल्ला झाला. शेवटी किल्ल्याचे दार उघडले, पण आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, आणि बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन! म्हणजे प्रवेश मिळाला, परंतु संशयासह मिळाला.

दौलताबादची ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

यंत्राचे दार काय विचारते?

आता त्या तरुणाचे यंत्र पाहू. गळ्यातल्या कार्डात एक बारीक चिप आणि तारेचे वेटोळे असते. कार्ड भिंतीवरच्या रीडरजवळ नेले की रीडरच्या लहरींतून चिपला शक्ती मिळते आणि ती आपला क्रमांक सांगते. आत एक नियंत्रक असतो, त्याच्याजवळ क्रमांकांची यादी असते. कोणता क्रमांक, कोणते दार, कोणत्या वेळी, हे सारे त्या यादीत ठरलेले. क्रमांक यादीत असला की कुलूप सुटते, नसला की लाल दिवा लागतो. कोण किती वाजता आत गेला याची नोंदही होते. बँकेच्या लॉकरखोलीच्या बाबतीत तर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ च्या आदेशात, जोखीम पाहून गरज असल्यास अशी व्यवस्था बसवावी, असेच सांगितले आहे.

हे दार बडोद्याच्या दारापेक्षा चांगले आहे, हे प्रथम मोकळ्या मनाने कबूल केले पाहिजे. ते आडनाव विचारीत नाही, गाव विचारीत नाही. दारावरच्या माणसाची मर्जी सांभाळावी लागत नाही. त्या तरुणाला जो आनंद झाला तो खोटा नाही.

परंतु यंत्र प्रश्न विचारीत नाही याचा अर्थ प्रश्न विचारला गेला नाही असा होत नाही. तो आधीच, यादी करताना विचारला गेलेला असतो. आणि यादी यंत्र करीत नाही. यादी माणूस करतो, आणि नोंदही माणूसच वाचतो.

एका पिशवीची गोष्ट

बीडमधील एका व्यापारी इमारतीत आमच्या वस्तीतील एक उपासिका सफाईचे काम करते. आईबाप ऊसतोडीला जात. तिने कष्टाने मुलांना शिकवले. कार्यालयात सारे तिला 'मावशी' म्हणतात. सफाई करायची म्हणून तिच्या कार्डाने त्या मजल्यावरची सगळी दारे उघडतात, कारकुनाला जी उघडत नाहीत तीसुद्धा. यंत्राच्या दृष्टीने ती त्या मजल्यावरची मोठी अधिकारीच म्हणावयाची. मात्र तिचा चहाचा कप वेगळा आहे. तो खिडकीत ठेवलेला असतो.

एके दिवशी एका खोलीतून काही रक्कम नाहीशी झाली. यंत्रातून नोंद काढली. त्या खोलीत सकाळपासून आठ माणसे गेली होती. आठही नावे कागदावर एकाखाली एक, एकाच आकाराच्या अक्षरांत छापून आली. यंत्राने कोणाला वर धरले नाही, कोणाला खाली धरले नाही. तो कागद साहेबांनी वाचला आणि पिशवी तपासली गेली ती एकट्या मावशीची. दोन दिवसांनी रक्कम एका कपाटातल्या फाइलीत सापडली. मावशीला कोणी काही म्हणाले नाही. तेही नाही, जे म्हणावयास हवे होते.

दौलताबादच्या किल्ल्यात शिपाई सोबत दिला होता. इथे शिपाई दिसला नाही, एवढाच फरक. कार्डाने दार उघडले, संशय मात्र तिच्याबरोबर आत गेला.

भगवान बुद्धांनी चेतनेला कर्म म्हटले आहे. यंत्राला चेतना नाही, म्हणून त्याला पाप नाही आणि पुण्यही नाही. यंत्र जातीयवादी नसते हे खरे, परंतु दगडही जातीयवादी नसतो. समता ही चेतनेतून येते. यंत्राचे ते अज्ञान आहे, समता नव्हे.

बोटांच्या ठशावर चालणारे यंत्र घ्या. ते बोटावरच्या रेषा वाचते. ज्याचे आयुष्य कोयता धरण्यात, उसाच्या मोळ्या बांधण्यात, सिमेंट कालवण्यात गेले, त्याच्या रेषा झिजतात. म्हातारपणीही त्या पुसट होतात. मग रेशनच्या दुकानात असो की कामाच्या जागी, यंत्र त्याला ओळखत नाही. ऊसतोडीसाठी दरसाल लाखो हात ज्या जिल्ह्यातून बाहेर जातात, त्या जिल्ह्यात हे किती हातांना भोवत असेल? यंत्र बनविणाऱ्याच्या मनात द्वेष नव्हता. कष्टाचा हात कसा असतो, हे मात्र त्याच्या ध्यानात आले नव्हते.

मग दारेच नकोत काय?

कोणी म्हणेल, धम्म सर्वांसाठी खुला आहे, तेव्हा कुलूपच अधम्म आहे. हे बरोबर नाही. संयुत्त निकायात तथागतांनी सीमेवरच्या एका नगराचा दृष्टान्त दिला आहे. नगराला सहा वेशी आहेत आणि वेशीवर शहाणा द्वारपाल आहे. तो अनोळख्यांना अडवतो, ओळखीच्यांना आत सोडतो. नगर म्हणजे हे शरीर, सहा वेशी म्हणजे सहा इंद्रिये, आणि द्वारपाल म्हणजे स्मृती, जागरूकता. म्हणजे अडविणे हा दोष नाही. द्वारपाल शहाणा असला पाहिजे, एवढीच अट आहे.

आणि तथागतांना स्वतःलाही दाराशी अडवले गेले होते. श्रावस्तीत भिक्षाटन करीत असता अग्गिक भारद्वाज ब्राह्मणाने त्यांना दुरूनच 'वृषल' म्हणून थांबविले. तथागत रागावले नाहीत. वृषल कशाने होतो हे तुला ठाऊक आहे काय, असे त्यांनी विचारले आणि जन्माने नव्हे तर कर्माने, हे त्याला समजावून दिले. त्या उपदेशात कर्ज घेऊन ते नाकारणाऱ्यालाही त्यांनी वृषल म्हटले आहे. बीडकरांनी हे विसरू नये. २०२३ च्या अखेरीपासून आपल्या जिल्ह्यात मल्टिस्टेट पतसंस्थांच्या शाखा बंद पडल्या आणि ठेवीदार बंद दारांपुढे उभे राहिले. कोण किती दोषी, ते न्यायालय ठरवील. पण तो पैसा कोणी सफाईवाल्या बाईने पिशवीतून नेला नव्हता, हे सांगावयास न्यायालय नको.

तेव्हा दार न्यायाचे आहे की नाही, हे ओळखण्याच्या तीन कसोट्या मला दिसतात. पहिली, अडविण्याचे कारण कामाशी संबंधित असावे, जन्माशी नसावे. २६ जानेवारी १९५० पासून संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांच्या दारांना हीच कसोटी लावली आहे. दुसरी, यादीत नाव आलेल्या प्रत्येकाला एकच माप लावावे. तिसरी, यंत्राने नाकारलेल्या माणसाचे ऐकून घेणारा जिवंत माणूस तिथे असावा.

या कामातली एक गोष्ट मला फार आवडली. दाराच्या चुंबकीय कुलपाला पावणेतीनशे किलोच्या आसपासचा जोर लावला तरी ते सुटत नाही, पण त्याचा वीजपुरवठा तोडला की ते आपोआप सुटते. म्हणून आगीची घंटा त्याला जोडलेली असते. आग लागली की कार्ड कोणाचे हे न विचारता दार मोकळे होते. मालाच्या रक्षणापेक्षा प्राणाचे रक्षण पहिले. पंचशीलातही अदत्तादानाच्या आधी प्राणातिपात येतो. म्हणजे करुणा यंत्रात घालता येते, पण घालणाऱ्याच्या मनात ती आधी असावी लागते.

आपली दारे

दुसऱ्यांच्या दारांविषयी एवढे बोलल्यावर आपल्याही दारांकडे पाहिले पाहिजे. आपल्या विहाराला कुलूप नाही, कार्ड नाही. पण शेजारचा मातंग बांधव त्या दारातून किती वेळा आत आला? आपण त्याला किती वेळा बोलावले? उपाली न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी प्रव्रज्या देणाऱ्या तथागतांचे आपण उपासक आहोत. न लिहिलेली यादी आपल्याजवळही असेल, तर ती आधी फाडली पाहिजे.

पिशवीच्या गोष्टीतला एक भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला. त्या आठ नावांत एक नाव आपल्या माणसाचे होते. आपल्याच चळवळीच्या वसतिगृहात राहून शिकलेला, चांगल्या हुद्द्यावरचा. पिशवी उघडली तेव्हा तो त्याच खोलीत होता. त्याने मान खाली घातली आणि तो गप्प बसला. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जे दुःख बोलून दाखविले, ते याच मौनाचे दुःख होते.

त्या तरुण उपासकाला माझे उत्तर एवढेच: बाबा, तुझा धंदा सम्यक आजीविका आहे, तो प्रामाणिकपणे कर. तुझ्या यंत्राने आठ नावे सारखी छापली, इथपर्यंत त्याचे काम झाले. "तपासायच्या तर आठही पिशव्या तपासा, आणि पहिली माझी तपासा," असे उभे राहून म्हणणारा माणूस त्या खोलीत हवा होता. तो यंत्र देऊ शकत नाही. तो धम्मानेच घडवावा लागतो, आणि तो आपल्यातूनच घडला पाहिजे.

जय भीम!