गळावरची माशी

अमेरिकेतील मिशिगन राज्यात, मेफील्ड या लहानशा गावी, लेनर्ड हॅलाडे याने १९२२ साली ट्राउट माशासाठी एक कृत्रिम माशी बांधली. चार्ल्स अ‍ॅडम्स या वकील मित्राने ती जवळच्या बोर्डमन नदीवर वापरून पाहिली, आणि पुढे त्याच्याच नावाने ती ट्राउटच्या शिकाऱ्यांत सर्वत्र प्रिय झाली.

तिची घडण वरवर पाहता सोपी आहे. लहानशा शेगड्यात बारीक गळ पकडून त्यावर दोऱ्याचे वेढे द्यायचे. शेपटीसाठी पिसाचे काही तंतू बांधायचे. मस्करॅट या पाणथळीत राहणाऱ्या प्राण्याची करडी लव दोऱ्यावर वळून अंग घडवायचे. कोंबड्याच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या पिसांची टोके पंख म्हणून उभी करायची. आणि शेवटी तसलेच एक पीस व एक तपकिरी पीस एकत्र गुंडाळून त्यांचे ताठ तंतू सभोवार फुलवायचे. या तंतूंवर माशी पाण्याच्या पृष्ठभागावर तोललेली राहते; म्हणून तिला ‘सुकी माशी’ म्हणतात. लव अधिक झाली तर ती बुडते. पीस मऊ निघाले तर कलंडते.

या कौशल्याचा हेतू मात्र फसवणूक हा आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक हॅलफर्डने तरंगत्या माश्यांवरील आपला ग्रंथ १८८६ साली प्रसिद्ध केला. नदीवर त्या वेळी जो कीटक उडत असेल त्याचीच हुबेहूब प्रतिकृती असावी, असा त्याचा आग्रह होता. अ‍ॅडम्स माशी कोणत्याच एका कीटकासारखी नाही. ती अनेकांसारखी थोडी थोडी आहे. युधिष्ठिराच्या ‘नरो वा कुंजरो वा’प्रमाणे ती अर्धेच सांगते, उरलेले असत्य मासा आपल्या भुकेने पूर्ण करतो.

असे अर्धवट असत्य रचण्यासाठी माशाचे जग जाणावे लागते. प्रवाहाखालून वर पाहताना पाण्यावर टेकलेल्या पायांचे ठसे कसे दिसतात, प्रकाशाविरुद्ध पंखांची आकृती कशी उमटते, याचा विचार बांधणारा दिवसेंदिवस करीत असतो. दुसऱ्या जीवाच्या दृष्टीने पाहण्याच्या या शक्तीला एरवी सहानुभूती म्हणतात. तीच येथे गळाच्या टोकावर बसविलेली असते. दुसऱ्याला इतके समजून घेणे आणि त्या समजुतीचाच सापळा करणे, या दोन गोष्टी एका मनात सुखाने नांदू शकतात काय?

पोटासाठी गळ टाकणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर भूक देते. सुक्या माशीचा उपासक मात्र पुष्कळदा धरलेला मासा परत सोडून देतो. त्यामुळे नदीतील मासे टिकतात, आणि नदीच्या स्वच्छतेसाठी झटणाऱ्यांत असे लोक अनेकदा आघाडीवर असतात, हे समर्थन खोटे नाही. परंतु २००३ साली स्कॉटलंडमधील संशोधकांना ट्राउटच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे चेतातंतू आढळले. ओठांत दाहक द्रव्य टोचलेले काही मासे तळाच्या खड्यांवर ओठ घाशीत राहिले. माशाची वेदना माणसाच्या वेदनेसारखी आहे किंवा नाही, याविषयी वाद शिल्लक आहे. तरीही स्वित्झर्लंडने २००८ च्या नियमांत, सोडून देण्याच्याच हेतूने मासे धरण्यास मनाई केली. भूक नसताना दिलेली इजा ही निव्वळ करमणूक ठरते, असा त्यामागील विचार दिसतो. शिवाय सोडून दिलेल्या माशाच्या हिशेबात पिसांसाठी वाढवून मारलेला कोंबडा आणि लवेसाठी मारलेला मस्करॅट धरले जात नाहीत.

गळाचा उलटा काटा चेपून टाकणे, हात ओले केल्यावाचून माशाला न शिवणे, त्याला दमवीत न राहणे, हे नियम जाणत्या शिकाऱ्यांनी स्वतःवर घालून घेतले आहेत. ज्ञानाबरोबर जबाबदारीही वाढते, याची ती कबुली आहे. मात्र जबाबदारी जिथे कबूल केली, तिथे तिची मर्यादा आपल्या सोयीने ठरविता येत नाही. ज्याला माशाचे काहीच ठाऊक नाही, त्याच्या क्रौर्याला अज्ञानाचा आधार असतो. माशी बांधणाऱ्याने तो आधार स्वतःच्या कौशल्याने गमावला आहे. तो पुढचा गळ शेगड्यात पकडील किंवा पकडणार नाही. पण मासा कसा पाहतो हे आपल्याला माहीत नव्हते, असे त्याला कधीही म्हणता येणार नाही.