आधी बोट, मग पाणी

बोरीहून पुण्याला येताना आईनं तुळशीचं रोप दिलं, शेतातल्या काळ्या मातीसकट. महिनाभरात त्यानं मान टाकली. मी घाबरून सकाळ-संध्याकाळ पाणी घालू लागलो. ते आणखीच मलूल झालं.

फोनवर आईनं एवढंच विचारलं, "मातीत बोट घालून बघितलं का?"

नव्हतं बघितलं. आत चिखल होता. काळी माती पाणी धरून ठेवते. शेतात हा तिचा गुण, कुंडीत तोच दोष. मातीतली हवेची जागा पाण्यानं भरली की मुळं गुदमरून कुजतात, मग त्यांना पाणी ओढता येत नाही. म्हणून बुडणारं झाडही तहानलेलंच दिसतं.

परभणीकडच्या माणसाला पाणी जास्त झालं असेल, हे सुचतच नाही. आमच्याकडे पाणी देणं म्हणजे पुण्य. पण मी पाणी देत होतो ते रोपाला की माझ्या भीतीला?

खचलेल्या मित्रावरही आपण असेच सल्ले ओततो. मात्र 'त्याला स्पेस हवी' म्हणून हात झटकणं त्याहून सोपं. जमिनीला भेगा पडल्या असताना पाणी रोखणं हा संयम नव्हे. फरक बोटालाच कळतो, आणि त्यासाठी जवळ जावं लागतं.

कुजलेली मुळं छाटली, वाळू मिसळून रोप पुन्हा लावलं, सावलीत ठेवलं. मग नुसतं थांबलो. तेच सगळ्यात जड गेलं.

काल एक फूट दिसली. जगेलच असं नाही. मी रोज बोट घालून बघतो.